गोगलगाईची मधली सुट्टी

शहरात ड्रायव्हिंग शिकवणारे ढिगाने होते. पण दुसरीकडे हात टेकलेले, खांबाला गाडी ठोकून आलेले, किल्ली फिरवायच्या आधीच तळहातांना घाम फुटणारे असे सगळे शेवटी ताईंकडे येत. ताईंच्या गाडीला त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, पण तो दाबायची वेळ क्वचितच यायची. त्या नुसत्या शांत बसून असत. शिकणाऱ्याने भर चौकात गाडी बंद पाडली, मागे हॉर्नचा गलका उठला, कुणी खिडकीतून डोकं काढून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी ताई पर्समधून लिमलेटची गोळी काढून त्याच्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "ओरडू दे. घसा त्यांचा, हॉर्न त्यांचा. आपण आपला क्लच दाबायचा."

हा संथपणा ताईंनी कुठून कमावलेला नव्हता, तो जन्मजात होता. मोठेपणी लोक त्याला धीर म्हणू लागले. शाळेत असताना मात्र त्याला एकच नाव होतं: गोगलगाय.

तिचं सगळंच हळू. वर्गातल्या मुली गणित सोडवून एकमेकींच्या वेण्या ओढायला लागायच्या, तेव्हा ही समास आखत असायची. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर हिच्या मनात तयार व्हायचं, गळ्यापर्यंत यायचं, आणि ओठांवर येईतो बाई पुढच्या धड्यावर गेलेल्या असायच्या. धावण्याच्या शर्यतीत ती शेवटच्या रेषेपर्यंत पोचली, तर रेषाच जागेवर नव्हती. दोरी गुंडाळून नेली होती आणि पहिल्या आलेल्या मुलीचा पदकासकट फोटोही काढून झाला होता. त्या फोटोत मागे, लांबवर, एक ठिपका धावताना दिसतो. तो ठिपका म्हणजे आपल्या ताई.

पोरं तिला घेरून ओरडायची, "गोगलगाय आणि पोटात पाय!" आता या म्हणीचा अर्थ असा की दिसायला गरीब पण आतून बेरकी. ही बिचारी आतूनही गरीबच होती. पण पोरांना अर्थाशी काय देणंघेणं? यमक जुळलं, काम झालं.

वर्गात एक मॉनिटर होती. दोन घट्ट वेण्या, ताठ मान आणि हातात कायम खडू. बाई वर्गाबाहेर गेल्या की ती फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची. गोगलगाय कुणाशी बोलणार? तिच्याशी बोलायला होतं कोण? तरी तिचं नाव फळ्यावर सगळ्यात वर. "ए, आटप गं!" हे मॉनिटरचं लाडकं वाक्य. रांगेत आटप, नळावर आटप, जिन्यावर आटप.

पण खरा जाच मधल्या सुट्टीचा. तासाला निदान बाक ठरलेला असतो, तिथं जाऊन बसलं की झालं. मधल्या सुट्टीत कुठं उभं राहायचं हे कुणीच सांगत नाही. घोळक्याजवळ गेलं तर घोळका सरकतो, एकटं उभं राहिलं तर सगळं मैदान आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. म्हणून तिनं एक युक्ती काढली. मधली सुट्टी जवळ आली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. मग शाळेतल्या नर्सच्या खोलीत खाटेवर पडून राहायचं, छताचे पोपडे बघायचे आणि घंटा झाली की बरं व्हायचं. युक्ती नामी होती, पण अतिरेक झाला. नर्सनं चिठ्ठी पाठवली, आईनं डॉक्टर गाठला, डॉक्टरनं पोट दाबून विचारलं, "इथं दुखतं? का इथं?" तिला उत्तर द्यायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. डॉक्टरला वाटलं, पोरीला वेदनेनं बोलवेना. झालं! तिला टेबलावर घेतलं आणि अपेंडिक्स काढून टाकलं. अपेंडिक्स बिचारं अगदी निर्दोष होतं. पण त्यानंतर पांढऱ्या चादरीवर पडून काढलेले दिवस हे तिच्या शालेय जीवनातले सगळ्यात सुखाचे दिवस ठरले.

अशा या ताईंना, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याच शाळेतून फोन आला.

फोन मुख्याध्यापिकांचा होता. त्या ताईंच्याच विद्यार्थिनी. गाडीच्या लायसन्सच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झाल्या होत्या की परीक्षा घेणारा साहेब त्यांना लांबून बघूनच मान हलवायचा. शेवटी ताईंनी त्यांना तारून नेलं होतं.

"ताई, शाळेचा कार्यक्रम आहे. माजी विद्यार्थ्यांनी बोलायचं. विषय आहे, 'लहानपणीच्या मला चार शब्द'. तुम्ही आमच्या शाळेच्या हे मला आत्ता जुन्या यादीत दिसलं. याल ना?"

"मी? मी काय बोलणार?"

"काहीही. प्रेरणादायी असलं म्हणजे झालं. एक सर्जन येणार होते, त्यांचं रद्द झालं."

ताई नाही म्हणणार होत्या. पण 'नाही' ओठांवर येईपर्यंत मुख्याध्यापिकांनी आभार मानून फोन ठेवून दिला.

रात्रीच्या जेवणाला घरात यावर खल झाला. घरात ताई, त्यांचे यजमान आणि ताईंची आई. यजमानांचं चष्म्याचं दुकान. समोरच्याला धूसर दिसतंय म्हणजे काच बदलायची, एवढं त्यांचं जगाकडे बघायचं शास्त्र.

"सोपं आहे," ते म्हणाले. "त्या लहान मुलीला सांगायचं, बाळ, घाबरू नकोस, पुढे सगळं छान होणार आहे. चांगला नवरा मिळणार आहे."

"आठवीतल्या मुलीला? नवऱ्याचं सांगून तिला मधल्या सुट्टीत काय दिलासा मिळणार आहे?"

"नाही, आपलं एक उदाहरण दिलं," यजमान ताटाकडे वळले.

आईचं म्हणणं निराळंच. "आणि तू दुःखी कधी होतीस गं? शाळेला निघालीस की नाचत नाचत जायचीस. रस्त्यानं गाणी म्हणायचीस."

"आई, ती धाकटी."

"धाकटी? मग तू काय करायचीस?"

"मी अजून घरातच बुटाचे बंद बांधत असायचे."

आई हसली आणि नेहमीप्रमाणे तिची गाडी अपेंडिक्सवर आली. येईल त्या पाहुण्याला ती ऑपरेशनची गोष्ट सांगायची; अगदी थोडक्यात वाचली पोर, असा तिचा शेवट ठरलेला. आज ताईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"आई, माझं पोट दुखत नव्हतं. कधीच दुखलं नाही. मी खोटं बोलत होते."

यजमान चावायचे थांबले. आईनं मात्र शांतपणे पाणी प्यायलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"माहीत आहे? कधीपासून?"

"डॉक्टर बाहेर येऊन कानात म्हणाले, बाई, सगळं ठणठणीत होतं हो आत. मी म्हटलं, काढलंच आहे ना, मग आता हिला सांगू नका, आणि चांगली विश्रांती लिहून द्या. शाळेला कळवा, अशक्तपणा फार आहे." आईनं भांडं खाली ठेवलं. "तुझं काहीतरी दुखतंय एवढं दिसत होतं मला. कुठे दुखतंय ते काढता येईना. जे काढता आलं ते काढलं."

ताईंनी खाली ठेवलेला घास उचलला आणि तसाच परत ठेवला. यजमानांनी लगबगीनं पाणी पुढे केलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे पाहुण्यांना सांगत होता ते...?"

"गोष्ट चांगली आहे," आई म्हणाली. "सोडायची कशाला?"

कार्यक्रमाच्या दिवशी ताईंच्या गाडीवर नेमकी एका नव्या शिकाऊ बाईंची वेळ होती. या बाई ताईंकडे यायला लागल्या त्याच दिवशी ताईंनी त्यांना ओळखलं होतं. वेण्या जाऊन केस आखूड झाले होते, खडू जाऊन स्टिअरिंग आलं होतं, पण मान तीच. ती मॉनिटर होती! ताईंनी चकार शब्द काढला नव्हता. मनातल्या मनात त्या एकच सुख भोगत होत्या: जिनं जन्मभर आटप आटप केलं, ती गाडी अशी चालवायची की बाळाची ढकलगाडी घेऊन निघालेले आजोबा तिला मागे टाकून जायचे, आणि वर वळून काळजीनं बघायचे.

"आज आपण शाळेपर्यंत जाऊ," ताई म्हणाल्या. "मला तिथं भाषण आहे."

शाळेचं नाव ऐकताच मॉनिटर उजळली. "अहो, मी त्याच शाळेची! तुम्ही पण? कुठल्या वर्षी?"

"तुझ्याच वर्गात होते," ताई म्हणाल्या. 'तुमच्या' म्हणायला हवं होतं, पण जीभ आपली आपण जुन्या वाटेला लागली. "तू मॉनिटर होतीस. फळ्यावर माझं नाव लिहायचीस."

गाडी चौकाच्या बरोबर मधोमध बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न वाजू लागले. मॉनिटर वळून ताईंच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागली.

"तू... ती का, जी सहलीच्या बसमध्ये ओकली होती?"

"नाही. ती दुसरी."

"मग ती, जिच्या दप्तरात कासव होतं?"

"ती पण नाही. अगं, मी गोगलगाय!"

"कोण गोगलगाय?"

ताईंना वाटलं, हिनं एक मुस्काटात दिली असती तरी चाललं असतं. इतकी वर्षं त्या ज्या आरोळ्या कानात घेऊन फिरत होत्या, त्या मारणाऱ्यांच्या ध्यानीमनीही उरल्या नव्हत्या. यांचं रामायण, आणि समोरचीला रामाची सीता कोण तेही ठाऊक नाही! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताईंचा पारा चढला.

"गिअर टाक आधी! अगं, क्लच! क्लच! आटप ना!"

आटप शब्द तोंडातून निघाला आणि ताई स्वतःच दचकल्या. मॉनिटरनं निमूटपणे क्लच दाबला. गाडी आचके देत चौक ओलांडून गेली.

मग मॉनिटर समोर बघतच म्हणाली, "मला शाळेतलं फारसं काही आठवत नाही. खडू आठवतो. चार तरी नावं लिहिली नाहीत तर बाई माझंच नाव लिहायच्या. मग मी कुणाचीही लिहायचे."

"पण माझं नेहमी सगळ्यात वर का?"

मॉनिटरनं खरोखरच विचार केला. "तुझं नाव लिहायला सोपं असेल. जोडाक्षर नव्हतं."

ताईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू असं आलं की आवरेना. ताई हसतायत म्हणून मॉनिटर हसली, आणि हसण्याच्या नादात तिनं तिसरा गिअर टाकला. आजपर्यंत तिची मजल दुसऱ्यापुढे गेली नव्हती.

दोघी पोचल्या तेव्हा सभागृहात एक निवृत्त साहेब बोलत होते आणि बराच वेळ बोलत असावेत, कारण पुढच्या रांगेतली मुलं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. साहेबांनी आपल्या लहानपणाला जो जो सल्ला दिला, तो तो त्यांनी लहानपणीच पाळलेला निघाला. लवकर उठ, आणि ते उठत होते. खोटं बोलू नकोस, आणि ते बोलत नव्हते. एवढा गुणी मुलगा, त्याला सल्ल्याची गरजच काय होती, हे काही कळलं नाही. टाळ्या मात्र जोरात झाल्या. सुटकेच्या टाळ्यांना नेहमीच जोर असतो.

मग ताई माइकसमोर आल्या. माइक उंच साहेबांच्या मापानं लावला होता. तो खाली करता करता त्यांना इतका वेळ लागला की मुलं कुजबुजायला लागली, कुजबुजीचा कलकलाट झाला. तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला, "ए, गप्प बसा रे सगळे!" सभागृह चिडीचूप. मॉनिटर आपल्या आवाजाला स्वतःच घाबरून खुर्चीत खाली घसरली.

"मी या शाळेत होते," ताईंनी सुरुवात केली, "आणि मला इथं मुळीच आवडत नव्हतं."

मुख्याध्यापिकांना खोकला आला. झोपलेली मुलं मात्र जागी झाली.

ताई सांगत गेल्या. गोगलगाय, शर्यत, फोटोतला ठिपका. मुलं खदखदून हसली. अपेंडिक्सला तर एक शिक्षक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. "आता त्या मुलीला मी काय सांगू?" ताई म्हणाल्या. "पुढे सगळं छान होईल, असं सांगता येईल. मला आता कुणी चिडवत नाही, लोक मला स्वतः होऊन भेटायला येतात, मी हळू आहे म्हणूनच येतात. हे सगळं खरं आहे. होतं बरं पुढे."

इथं टाळ्या पडायला हव्या होत्या आणि मुख्याध्यापिकांनी हात वरही केले होते. पण मधल्या रांगेतून जाड चष्म्याची एक मुलगी उठून उभी राहिली.

"पुढचं कळलं," ती म्हणाली. "पण उद्या मधल्या सुट्टीत काय करायचं?"

कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाळ, प्रश्न शेवटी विचारायचे."

"नाही, थांबा," ताई म्हणाल्या, "बरोबर विचारलंय तिनं." आणि त्या विचार करू लागल्या. माइकसमोर, भरल्या सभागृहात, अगदी त्यांच्या गतीनं. पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. साहेबांनी घड्याळ बघितलं. ती मुलगी उभीच होती. तिला घाई नव्हती. उत्तरासाठी कुणीतरी इतका वेळ घेतंय, हे बहुधा ती पहिल्यांदाच बघत होती.

"पहिलं म्हणजे," ताई शेवटी म्हणाल्या, "हातात काहीतरी धर. बाटली, पुस्तक, काहीही. रिकाम्या हाताचा माणूस एकटा दिसतो. हातात वस्तू असलेला माणूस कामात आहे असं वाटतं. दुसरं, घोळक्याकडे जाऊ नकोस. घोळका म्हणजे ट्रक, तो तुझ्यासाठी थांबणार नाही. तुझ्यासारखंच कुणीतरी एकटं उभं असेल, ते शोध. मला वाटायचं मी एकटीच आहे, पण मी कधी मान वर करून बघितलंच नाही. त्याच्याशी मैत्री केली पाहिजे असं नाही. नुसतं शेजारी उभं राहायचं. दोघांनी गप्प उभं राहिलं तर त्याला गप्पा मारणं म्हणतात. आणि तिसरं, पोट दुखतंय म्हणून सांगू नकोस. ते कापतात. जे दुखतंय तेच घरी एकाला तरी सांग. मी सांगितलं नाही. आणि परवा कळलं, की आई आधीपासून ओळखून होती."

हशा उसळला, पण ती मुलगी हसली नाही. तिनं मान हलवली आणि ती खाली बसली, अगदी एखादा पत्ता विचारून घेतल्यासारखी.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांच्या गळ्यात हार पडला आणि ताईंच्या भोवती मुलं. कुणाला शर्यतीचं विचारायचं होतं, कुणाला ऑपरेशनचा व्रण बघायचा होता, तो काही ताईंनी दाखवला नाही. त्या एकेकाला त्यांच्या चालीनं उत्तरं देत राहिल्या. शिपायानं खुर्च्या रचल्या, पडदा काढला, दिवे मालवायला सुरुवात केली, तरी रांग सरेना. मुख्याध्यापिका दोनदा येऊन परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या हात बांधूनच.

"प्रेरणादायी म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या.

"चुकलं का?"

मुख्याध्यापिकांनी रांगेकडे बघितलं. एरवी त्यांच्या खोलीत ओढून आणावी लागणारी दोन पोरं आपण होऊन उभी होती. "दर बुधवारी जरा वेळ काढाल का?" त्यांनी विचारलं. "वाहतुकीचे नियम शिकवायच्या नावाखाली. मधल्या सुट्टीत."

बुधवारचं ठरलं. सगळ्यात शेवटी, मुलं पांगल्यावर, गणिताचे एक तरुण सर पुढे आले. नवीनच लागले होते, मिसरूड नीट फुटायची होती. त्यांनी इकडेतिकडे बघून घेतलं.

"ताई, तुम्ही ते हातात काहीतरी धरायचं म्हणालात," ते खाली मान घालून म्हणाले, "ते शिक्षकांच्या खोलीतही चालतं का हो? म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि मी रोज जिन्यात उभा राहून डबा खातो."

ताईंनी मॉनिटरला हाक मारली आणि तिघं रिकाम्या सभागृहातल्या पायरीवर बसले. सरांच्या पिशवीत दुपारचा डबा तसाच होता. त्यांनी तो उघडला, दोघींच्या पुढे केला, आणि जेवताना कुणी काहीच बोललं नाही.